बिअर फ्लोट घरी करताना: आधी फेस सांभाळा, मग चव

बिअर फ्लोट म्हणजे बिअरमध्ये सोडलेला आइस्क्रीमचा गोळा. बिअरमध्ये आइस्क्रीम म्हटलं की बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. ज्यांनी कधीतरी फ्रिजमधल्या स्ट्राँग बिअरमध्ये व्हॅनिलाचा गोळा टाकून पाहिला आहे, त्यांचं तर हमखास. त्या ग्लासात कडू, गोड आणि अल्कोहोलचा चटका असे तिघे एकमेकांशी भांडत बसतात. शिवाय निम्मी बिअर फेस होऊन ओट्यावर सांडलेली असते. दोन्ही गोष्टी टाळता येतात. बिअर नीट निवडली तर चव जमते आणि ओतताना घाई केली नाही तर फेस आवरतो. काळी स्टाउट आणि साधं व्हॅनिला ही जोडी एकदा जमली की बाकीचे प्रयोग आपसूक सुचतात, म्हणून नवख्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

एक गैरसमज आधीच दूर करू. अमेरिकेत जे ‘रूट बिअर फ्लोट’ मिळतं त्यात दारू नसते. रूट बिअर म्हणजे मुळं-सालींच्या स्वादाचं गोड सोडा पेय. सोड्यात आइस्क्रीम घालण्याची पद्धत १८७४ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट ग्रीन या विक्रेत्याने सुरू केली असं मानतात, आणि खऱ्या बिअरचं फ्लोट हे तिचंच प्रौढ भावंड. त्यामुळे रूट बिअरची पाककृती जशीच्या तशी घेऊन तिथे खरी बिअर ओतू नका. रूट बिअरमध्ये साखर भरपूर असते आणि कडूपणा जवळजवळ नसतो. बिअरचं नेमकं उलटं.

काय काय लागेल (दोन ग्लासांसाठी)

- स्टाउट बिअर, ३३० मिलीची एक पाइंट. दोघांना एक पुरते.
- व्हॅनिला आइस्क्रीम, २५० मिली. प्रत्येक ग्लासात सुमारे ६० मिलीचे दोन गोळे जातात.
- ४०० ते ४५० मिलीचे, रुंद तोंडाचे दोन ग्लास. उंच, निमुळता ग्लास दिसायला छान असतो, पण त्यात गोळा मध्येच अडकतो आणि फेस थेट वर उसळतो.
- आइस्क्रीमचा स्कूप, लांब दांड्याचे चमचे, जाड स्ट्रॉ.
- परात किंवा कडा असलेलं ताट, ग्लासांखाली ठेवायला. पहिल्या वेळी ही लागणारच.
- चिमूटभर मीठ. कशाला ते पुढे येईल.

कागदपत्रांचं म्हणाल तर, महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी वय किमान २१ आणि त्यापुढच्या दारूसाठी २५ लागतं. दारू बाळगायला व प्यायला परवानाही लागतो. एका दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्येच फाडून मिळतो. वयाचा पुरावा जवळ ठेवा. पाहुणे २ ऑक्टोबरला किंवा मतदानाच्या आसपास येणार असतील तर खरेदी आधीच उरका, कारण त्या दिवशी दुकानं बंद असतात. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथल्या वाचकांनी अल्कोहोलविरहित माल्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पेयाकडे वळावं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

१. बिअर निवडा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बिअर शॉपीत गेलात की डोळ्यांसमोर रांगेने स्ट्राँग लागर (फिकट, सोनेरी बिअर) असतात, कारण खप त्यांचाच. फ्लोटसाठी त्या विसरा. ५ ते ८ टक्के अल्कोहोलची स्वस्त लागर मुळात गोडसर असते. तिच्यावर आइस्क्रीमची साखर चढली की माल्टची चव दबते आणि घशाशी नुसता अल्कोहोलचा चटका उरतो.

स्टाउटचा रंग आणि चव येते करपवण्याच्या बेतापर्यंत भाजलेल्या बार्लीतून. तीच प्रक्रिया कॉफीच्या बिया आणि कोको भाजताना होते, म्हणून स्टाउटमध्ये कॉफीचा, कडू चॉकलेटचा वास येतो आणि दुधाशी तिची दोस्ती होते. भारतीय बाजारात सिंबाची स्टाउट बाटलीत मिळते. गिनेसची ‘ड्राफ्ट’ कॅन मिळाली तर उत्तम, पण तिची ओतण्याची रीत वेगळी आहे (पायरी ४ पाहा). पुण्या-मुंबईत सोपा मार्ग म्हणजे मायक्रोब्रुअरी. स्टाउट किंवा पोर्टर (स्टाउटसारखीच काळपट बिअर) नळावर असेल तर काही ठिकाणी ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून देतात. ती बाटली घरी आणून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. ग्राउलर एकदा उघडला की वायू निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी बिअर मेलेली लागते.

‘मिल्क स्टाउट’ दिसली तर डोळे झाकून घ्या. तिच्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेली असते. यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडवा बिअरमध्ये तसाच राहतो. नवख्या जिभेला ही सगळ्यात सोपी.

दुसरा पर्याय व्हीट बिअर. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरमध्ये यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार होतो. बेल्जियन पद्धतीच्या व्हीटमध्ये संत्र्याची साल आणि धने घालतात. बिरा व्हाइट, होगार्डन या सहज मिळणाऱ्या. आंबा, संत्रं, केळं या आइस्क्रीमांशी त्या छान जुळतात. मात्र यांच्यात वायू जास्त, त्यामुळे फेसही जास्त.

आयपीए (इंडिया पेल एल ही बरीच कडू बिअर) टाळा, निदान सुरुवातीला. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा दुधाच्या गोडव्यापुढे आणखी बोचतो आणि जिभेवर रेंगाळतो. ती वापरायचीच असेल तर दुधाचं आइस्क्रीम सोडून आंब्याचं सॉर्बे (दुधाशिवाय, फळाचा रस गोठवून केलेलं) घ्या.

आंबट बिअरचं गणित वेगळं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन साधारण ४.६ पीएचला फाटतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आंबट). साधी बिअर ४ ते ४.५ च्या आसपास असते, पण आइस्क्रीममधलं दूध आणि गवार गमसारखे दाटपणा देणारे घटक तिला सांभाळून घेतात, म्हणून लगेच खाल्लं तर फरक जाणवत नाही. सावर (आंबट) बिअर किंवा लिंबाच्या स्वादाचं रॅडलर (बिअर आणि सरबताच्या मिश्रणासारखं पेय) मात्र बरंच आंबट असतं. त्यात व्हॅनिला घातलं की पाच मिनिटांत रव्यासारखे कण तरंगायला लागतात. विषारी वगैरे काही होत नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखं राहत नाही. आंबट पेयात सॉर्बेच घाला.

दुकानातून घेताना बाटलीवरची उत्पादनाची तारीख वाचा. बाहेरच्या काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची तर मुळीच नको. उजेडाने हॉप्समधले घटक बदलतात आणि कुबट, उग्र वास येतो. आइस्क्रीमच्या मऊ वासाखाली तो आणखी उठून दिसतो.

२. आइस्क्रीम: डब्यावरची बारीक अक्षरं वाचा

डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय की ‘फ्रोझन डेझर्ट’, हे आधी बघा. नियमाप्रमाणे आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं. एरवी खाताना फरक पडेलच असं नाही, पण थंडगार बिअरबरोबर ते तेल तोंडात नीट वितळत नाही आणि टाळूला मेणचट थर बसतो.

दुसरं, हवा. लिटरभर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं असा नियम आहे. म्हणजे या मर्यादेवरच्या डब्यात निम्म्याच्या आसपास हवाच. बऱ्याच डब्यांवर मिली आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. नसतील तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ५०० मिलीच्या डब्यात ३५० ग्रॅमच्या वर माल असेल तर तो फ्लोटला चांगला. हवा जितकी जास्त, तितका फेस अनावर आणि गोळा तितक्या लवकर विरघळणार.

इथे आपल्याकडे एक फायदा आहे, त्याचा विचार फार थोडे करतात: कुल्फी. आटवलेलं दूध न घुसळता गोठवतात, त्यामुळे कुल्फीत हवा जवळजवळ नसतेच. ती घट्ट असते, सावकाश वितळते आणि तिच्यामुळे बिअर उसळतही कमी. मलई किंवा पिस्ता कुल्फीचे दीड-दीड इंचाचे तुकडे स्टाउटमध्ये घाला. वेलची भाजक्या वासाबरोबर सुरेख लागते. केशर कुल्फी वाया घालवू नका, स्टाउटपुढे केशराचा काही पाड लागत नाही.

जमणाऱ्या जोड्या:

- स्टाउट: व्हॅनिला, कॉफी, चॉकलेट, मलई कुल्फी, शहाळ्याचं आइस्क्रीम
- व्हीट बिअर: आंबा, संत्र्याचं सॉर्बे, केळं
- माइल्ड लागर: लिंबाचं सॉर्बे. दुसरं फारसं काही नाही.

सीताफळ बहुतेकांच्या मनात येतं. स्टाउटमध्ये त्याचा वास बुडतो आणि व्हीट बिअरमध्ये गर तळाशी बसतो, म्हणून ते वेगळं वाटीत खाल्लेलं बरं. आणि पुण्याच्या वाचकांना एक विनंती: मस्तानीत बिअर ओतू नका. मस्तानी दाट दुधावर उभी असते. बिअर पडली की दूध पातळ होतं, फेस मावत नाही आणि दोन्हींची चव जाते.

३. तापमान जुळवा

बिअर गार असली की वायू तिच्यात मुरून राहतो, कोमट झाली की सुटतो. खोलीच्या तापमानाची बिअर आइस्क्रीमवर ओतलीत तर कारंजं पक्कं. पण स्टाउट अगदी बर्फासारखी असेल तर तिचा कॉफी-चॉकलेटचा वास झोपतो. मध्यम मार्ग असा: लागर आणि व्हीट थेट फ्रिजमधून, ४ ते ५ अंशांवर. स्टाउट मात्र ओतण्याआधी पाच-सात मिनिटं बाहेर काढून ७-८ अंशांवर येऊ द्या. मे महिन्यात मुंबईत असाल तर दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली.

बिअर गार करायला विसरलात तर बाटली फ्रीझरमध्ये टाकू नका. बिअर उणे २-३ अंशांनाच गोठायला लागते आणि घरचा फ्रीझर उणे १८ ला चालतो. गप्पांत अर्धा-पाऊण तास गेला की बाटली तडकते. त्याऐवजी पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवा. वीसेक मिनिटांत हवी तेवढी गार होते.

आइस्क्रीम उलटं, किंचित सैल हवं. फ्रीझरमधून काढून चार-पाच मिनिटं ठेवा, स्कूप कोमट पाण्यात बुडवून झटका आणि घट्ट, गुळगुळीत गोळे काढा. भुसभुशीत, खडबडीत गोळ्याच्या प्रत्येक खळग्यात वायूचे बुडबुडे तयार होतात. वेळ असेल तर गोळे आधीच काढून ताटलीत लावा आणि परत फ्रीझरमध्ये टाका. ऐनवेळी हात मोकळे राहतात.

ग्लास नुसता गार पाण्याने विसळा. फ्रीझरमध्ये ठेवून दवबर्फ जमवलेला ग्लास फोटोत झकास दिसतो, पण त्या बर्फाच्या कणांवरही फेस उठतो.

४. ओतण्याची रीत

आधी बिअर की आधी आइस्क्रीम, यावर लोक वाद घालतात. साध्या, कार्बन डायऑक्साइडवाल्या बिअरसाठी थोडी बिअर, मग गोळा, मग बाकीची बिअर हा क्रम सगळ्यात कमी सांडतो.

ग्लास परातीत ठेवा. तिरपा धरून तळाला ४० मिली बिअर ओता. यामुळे गोळा तळाला चिकटून बसत नाही. फेस खाली बसेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. आता पहिला गोळा चमच्याने अलगद आत सोडा. वरून टपकवलात तर फेस उसळेल.

पुढे ग्लासाच्या कडेने, बारीक धारेने ६० ते ७० मिली बिअर घाला. धार गोळ्यावर पडू देऊ नका. फेस काठापासून दोन बोटांवर आला की हात थांबवा आणि खरंच थांबा. पहिला फेस मोठ्या बुडबुड्यांचा, लगेच विरणारा असतो. मिनिटभरात आइस्क्रीममधली प्रथिनं त्यात मिसळली की तो दाट, फिकट बदामी आणि चमच्यात उभा राहणारा होतो. खायचा तो हा फेस. गोळ्याकडे पाहिलंत तर त्याच्याभोवती बिअर गोठून पातळ, खुसखुशीत बर्फाळ कवच धरलेलं दिसेल. फ्लोटची खरी गंमत त्या कवचात आहे, म्हणून चमच्याने ढवळू नका.

दुसरा गोळा वर ठेवा, अर्धा बुडलेला आणि अर्धा बाहेर. त्यावर अगदी चिमटीत मावेल एवढं मीठ भुरभुरा. मिठाने कडूपणा दबतो आणि माल्टचा गोडवा पुढे येतो. पाइंटमधून प्रत्येक ग्लासाच्या वाट्याला साधारण १६५ मिली येते. त्यातली उरलेली ५०-६० मिली पाहुण्यासमोर बाटलीतच ठेवा, खाता खाता तो भर घालेल.

गिनेस ड्राफ्टसारख्या नायट्रो कॅनला हा क्रम लागू नाही. तिच्यात मुख्यतः नायट्रोजन असतो, कार्बन डायऑक्साइड कमी. बुडबुडे बारीक असतात आणि आइस्क्रीमने ती फारशी खवळत नाही. कॅन गार करा, उघडा आणि एका दमात ग्लासात ओता. आत खडखडणारा प्लास्टिकचा चेंडू आपलं काम करतो. दोनेक मिनिटांत ढग खाली बसून काळी बिअर आणि वर साय असे दोन थर झाले की एकच गोळा अलगद सायीवर ठेवा. इथे ग्लास वरपर्यंत भरू नका, गोळ्यासाठी तीन बोटं जागा सोडा.

५. वरून काय घालाल

शेंगदाण्याची चिक्की जाडसर कुटून घाला. स्टाउटवर याहून चांगलं काही नाही. किसलेलं कडू चॉकलेटही चालतं. कोको किंवा कॉफीची पूड बिअरमध्ये पडू देऊ नका. प्रत्येक कणावर वायू सुटतो आणि बसलेला फेस पुन्हा उठतो. जे काही घालायचं ते गोळ्याच्या माथ्यावरच.

थोडी मेहनत घेणार असाल तर स्टाउटचा पाक करून ठेवा. ३३० मिली स्टाउट आणि ६० ग्रॅम चिरलेला गूळ मोठ्या पातेल्यात घ्या. पातेलं एक तृतीयांशापेक्षा जास्त भरलेलं नको, कारण बिअर दुधासारखी उतू जाते. मंद आचेवर उकळत ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात ८० ते ९० मिली उरेल. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ राहिली की लगेच उतरवा, गार झाल्यावर पाक आणखी घट्ट होतो. तारेच्या पाकापर्यंत नेलात तर फ्रिजमध्ये दगड होईल. यासाठी कडू बिअर घेऊ नका. पाणी उडतं, कडूपणा तसाच राहतो आणि चौपट झोंबतो. घट्ट झाकणाच्या बरणीत पाक दोन आठवडे टिकतो. उकळताना बरंच अल्कोहोल उडतं, पण सगळं गेलं असं गृहीत धरून मुलांच्या आइस्क्रीमवर तो घालू नका.

हाच पाक वापरून आइस्क्रीमही लावता येतं. २०० मिली व्हिपिंग क्रीम फेटून त्यात १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि ४ मोठे चमचे पाक हलक्या हाताने मिसळा आणि रात्रभर गोठवा. साधं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते फुलत नाही. डब्यावर ‘व्हिपिंग’ लिहिलेलंच आणा. पाकाऐवजी कच्ची बिअर ओतलीत तर तिच्यातल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात.

६. बिघडलं तर

फेस ग्लासाबाहेर आला: बिअर कोमट होती, गोळा वरून टाकला किंवा ओतताना थांबला नाहीत. फेस चमच्याने काढून टाकू नका, वाटीत काढा आणि परत वर घाला.

फेस अजिबात नाही: ग्लासाला साबण किंवा तेलकटपणा राहिला आहे, नाहीतर बिअर शिळी आहे.

सगळं मिळून मचूळ पाणी झालं: गोळे फार लहान होते किंवा वाढायला उशीर झाला. वाढल्यापासून दहा मिनिटांत संपवायचा हा पदार्थ आहे. फोटो काढणाऱ्यांनी आधी ग्लास लावून घ्यावेत, मग बिअर ओतावी.

फार कडू लागतंय: आणखी आइस्क्रीम घालण्याआधी मीठ घालून पाहा. तरीही नाही जमलं तर चमचाभर पाक.

७. अल्कोहोल नको असेल तर, आणि असेल तर

हाइनेकेन ०.० किंवा बडवायझर ०.० वापरता येतात, पण या लागर आहेत, व्हॅनिलाशी जमत नाहीत. त्यात २०० मिलीला एक लहान चमचा कॉफीचा घट्ट काढा घातला तर भाजका वास येतो आणि व्हॅनिला चालून जातं. किंगफिशर रॅडलरही अल्कोहोलविरहित असतं. लिंबाचं घेतलंत तर त्याला लिंबाचं सॉर्बेच लावा. लहान मुलांना ‘बिअर’ नावाच्या ग्लासाची गोडी लावण्यापेक्षा त्यांच्यासाठी कोल्ड कॉफीत व्हॅनिला घाला, दिसायला तेच दिसतं. फक्त ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

५ टक्क्यांच्या १६५ मिली बिअरमध्ये साडेसहा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. गोडव्यामुळे ते जाणवत नाही आणि जेवणात आधी झालेल्या पेयांत त्याची भर पडते. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. जो गाडी चालवणार आहे त्याला कोल्ड कॉफीचाच ग्लास द्या. गरोदर बायकांना आणि औषधं चालू असलेल्यांना वाढण्याआधी यात खरी बिअर आहे हे स्पष्ट सांगा. दिसायला हा ग्लास निव्वळ मिष्टान्न वाटतो, आणि कुणी विचारेलच असं नाही.

आठ-दहा जणांना वाढायचं असेल तर एकट्याने सगळे ग्लास भरू नका, शेवटचा भरेपर्यंत पहिला वितळलेला असतो. जेवणाआधीच गोळे काढून फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाटल्या मिठाच्या बर्फपाण्यात. ताटं उचलली गेली की एकाने गोळे सोडायचे, दुसऱ्याने ओतायचं, एका वेळी चार ग्लास. ग्लास रिकामे झाले की लगेच कोमट पाण्याने विसळा. दूध आणि माल्ट एकदा काचेला वाळून बसले की घासणीलाही दाद देत नाहीत.